वीतभर पाण्याचा दाब

२०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि आम्हाला कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले घर रात्रीच सोडावे लागले. गल्लीतून गुडघाभर पाण्यात चाललेले अंतर शंभर पावलांचेही नव्हते. पण माझ्या डाव्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत दर पावसाळ्यात होणाऱ्या चिखल्या तेव्हा चांगल्याच भेगाळलेल्या होत्या आणि त्या भेगांतून पुराच्या पाण्यातले जंतू आत गेले. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, आणि संध्याकाळपर्यंत घोट्यापासून मांडीपर्यंतचा पाय लाल होऊन हात लावता येणार नाही इतका तापला. निदान सेल्युलायटिसचे, म्हणजे त्वचेच्या खोल थरांतल्या जंतुसंसर्गाचे, होते. सहा दिवस शिरेतून प्रतिजैविके दिल्यावर ताप उतरला, लाली मावळली, परंतु पायाची सूज मात्र पुरासारखी ओसरली नाही.

खरे तर हा पाय तेव्हाच्या आधी एकवीस वर्षे सुजत होता. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी डाव्या पायातले पायताण घट्ट वाटू लागले. उजवे नेहमीसारखे सैल होते. पहिली काही वर्षे सूज रात्रीत उतरत असे आणि सकाळी दोन्ही पाय सारखे दिसत. पुढे सकाळीही फरक उरू लागला, पाऊल वरून उशीसारखे फुगले, बोटे चौकोनी दिसू लागली. कोणी शिरांचा दोष सांगितला, कोणी वजनाचा. एका दवाखान्यातून मला लघवी वाढवून अंगातले पाणी कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या आणि त्या मी जवळजवळ दोन वर्षे घेतल्या. त्या माझ्या दुखण्यासाठी नव्हत्याच, हे कळायला फार उशीर झाला: त्या गोळ्यांनी पाणी जाते, पण सुजेत साठलेली प्रथिने जागच्या जागी राहतात आणि तीच पुन्हा पाणी ओढून घेतात. त्या दोन वर्षांची हळहळ मला आजही वाटते.

गल्लीत मात्र माझ्या पायाला एकच नाव होते. ‘त्यांच्या पोरीला हत्तीपाय हाय’ हे वाक्य मी स्वयंपाकघरात उभी असताना खिडकीतून ऐकले आहे. माझ्यासाठी स्थळे येत होती त्या काळात आई मला पाऊल झाकणारी लांब साडी नेसायला लावत असे आणि पाहुणे उठेपर्यंत मी पाय पाटाखाली ओढून बसत असे. तिच्यावर माझा राग नाही. तिच्यापाशी दुसरा उपाय नव्हता.

सेल्युलायटिसनंतर माझ्या पतींनी आग्रह धरला आणि आम्ही रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे गेलो. त्यांनी पाय पाहण्याआधी बरेच प्रश्न विचारले, मग उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून उचलून दाखवली. डाव्या बोटाशी त्यांनी तेच केले, तेव्हा चिमटीत काहीच आले नाही. कातडी खाली घट्ट बसलेली होती. या साध्या खुणेला स्टेमर यांचे नाव आहे आणि ती लिम्फेडिमा, म्हणजे लसिका (ऊतींतून गोळा होऊन रक्तात परतणारा द्रव) साठून आलेली सूज, ओळखायला उपयोगी पडते, असे त्यांनी सांगितले. एकवीस वर्षांत एवढी चिमूट कोणीही घेतली नव्हती.

हत्तीरोगाची शक्यता त्यांनी आधी निकालात काढली. हा रोग क्युलेक्स डासातून शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे होतो, आणि आपल्याकडे आढळणाऱ्या प्रकारात त्या कृमींची पिल्ले रात्रीच त्वचेजवळच्या रक्तात येतात, म्हणून रक्ताचा थेंबही रात्रीच घ्यावा लागतो. एका रात्री दहानंतर बोट टोचून काचपट्टीवर ते रक्त घेतले गेले. शेजारच्या सिंधुदुर्गात या रोगाचा इतिहास आहे आणि माझे आजोळ तिकडचे, त्यामुळे त्यांना ती खात्री हवी होती. काचपट्टीत काही आढळले नाही, प्रतिजनाची, म्हणजे रक्तातला कृमींचा अंश शोधणारी, चाचणीही नकारात्मक आली. माझा लिम्फेडिमा ‘प्राथमिक’ ठरला, म्हणजे बाहेरच्या कोणत्याही कारणाने आलेला नसून, लसिकावाहिन्यांच्या घडणीतच जन्मापासून उणीव असलेला. घरी आल्यावर मी आईला हे सांगितले. तिने बराच वेळ काहीच विचारले नाही आणि मग म्हणाली, ‘म्हंजे तुझं काय चुकलं न्हवतं.’

पुढची तपासणी पुण्यात झाली. दोन्ही पायांच्या बोटांच्या बेचक्यांत त्वचेखाली टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याने युक्त द्रव्याची सुई देतात. ती चांगलीच झोंबते. मग थोडे चालायला लावतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवून ठरावीक अंतराने चित्रे घेतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. टेक्नेशियमचा अर्धायुकाळ सहा तासांचा असतो हे फळ्यावर कितीदा लिहिले असेल, पण तो पदार्थ स्वतःच्या पायातून वर चढताना पाहणे वेगळे होते. उजव्या पायातला ठिपका एका बारीक रेषेने चढत जांघेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत गेला आणि त्या ग्रंथी स्पष्ट उजळल्या. डाव्या पायात रेष दिसलीच नाही. द्रव्य नडगीपर्यंत कसेबसे आले आणि तेथून त्वचेत धुरासारखे पसरत गेले. अहवालात त्याला त्वचेतील उलटा प्रवाह म्हटले होते.

तो शब्द वाचताच मला जयंती नाला आठवला. कोल्हापुरात पूर येतो तेव्हा प्रत्येक गल्लीत नदी थेट शिरत नाही. नदीची पातळी चढली की नाल्याचे पाणी तिच्यात उतरू शकत नाही, ते तुंबते, मागे सरकते आणि नदीपासून लांब असलेल्या शाहूपुरीतल्या घरांत शिरते. आम्ही याला फुगवटा म्हणतो. माझ्या पायात जे घडत होते त्याला याहून नेमका शब्द मला अजून सापडलेला नाही. शरीरातल्या बारीक केशवाहिन्यांतून पाणी आणि थोडी प्रथिने सतत ऊतींत झिरपत असतात. ती उचलून परत रक्तात नेणे हे लसिकावाहिन्यांचे काम. त्यांची सुरुवात त्वचेत असते: एका टोकाला बंद, भिंत एकाच पेशीच्या जाडीची, आणि त्या पेशींच्या कडा एकमेकींवर अशा चढलेल्या की बाहेरचे पाणी आत ढकलले गेले तर फट उघडते, आतले बाहेर जाऊ लागले तर मिटते. या कडांना बाहेरच्या ऊतीशी बांधणारे सूक्ष्म तंतू असतात. ऊती फुगली की तंतू ताणले जातात आणि दारे उघडी राहतात. या केशिकांना स्वतःचे स्नायू नसतात. वरच्या मोठ्या वाहिन्यांना मात्र असतात. त्यांत ठरावीक अंतरावर झडपा असतात आणि दोन झडपांमधला प्रत्येक तुकडा मिनिटाला काही वेळा आकुंचन पावून लसिका पुढच्या तुकड्यात ढकलतो. माझ्या डाव्या पायात या मोठ्या वाहिन्या अपुऱ्या आहेत. नदी वाहत नाही, म्हणून नाले फुगतात.

पुण्याहून परतल्यावर डॉक्टरांनी उपचाराची रूपरेषा सांगितली: तीन आठवडे रोज हाताने लसिका पुढे सारण्याचे हलके मर्दन, त्यावर थरांचे बँडेज, बँडेज घालूनच व्यायाम, आणि त्यानंतर कायमचा दाबाचा मोजा. बँडेजचा दाब घोट्याशी पाऱ्याच्या ४० ते ५० मिलिमीटरच्या आसपास ठेवू, असे ते म्हणाले. दाबाचा आकडा ऐकल्यावर मला प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. मी विचारले, ‘सर, आत किती दाब असतो? लसिकेच्या त्या केशिकांमध्ये?’

ते थांबले, आणि हा प्रश्न रुग्णाकडून पहिल्यांदाच आला असे म्हणून त्यांनी झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात आल्फ्रेड बोलिंजर यांच्या गटाने केलेल्या कामाविषयी सांगितले. त्यांनी सांगितलेला १९९३ चा शोधनिबंध मी नंतर शोधून वाचला. पावलाच्या त्वचेत चमकणाऱ्या रंगाचा सूक्ष्म थेंब सोडायचा. रंगाचा रेणू मुद्दाम इतका मोठा निवडायचा की तो रक्ताच्या केशवाहिनीत शिरू शकणार नाही आणि फक्त लसिकेच्या केशिकांत जाईल. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्या केशिकांची जाळी पोळ्यातल्या घरांसारखी उजळते. या केशिका जेमतेम केसाएवढ्या जाड असतात, आणि त्यांच्यात टोकाशी काही मायक्रोमीटरच रुंद असलेली काचेची नळी शिरवून दाब मोजायचा.

तो मोजण्याची रीत वाचून मला जो आनंद झाला, तो माझ्या विषयातल्या माणसांना समजेल. नळीत तीव्र मिठाचे पाणी असते आणि त्यातून विजेचा रोध पाहिला जातो. केशिकेतली लसिका टोकातून आत शिरू लागली की रोध बदलतो. तो बदलू न देण्यासाठी यंत्र नळीत तितकाच उलटा दाब देते. लसिका आतही येत नाही, बाहेरही जात नाही अशा क्षणी जो उलटा दाब द्यावा लागतो, तोच केशिकेतला दाब. बारावीच्या मुलांना मी पोटेन्शिओमीटर, म्हणजे विजेचा दाब मोजण्याचे उपकरण, शिकवते तेव्हा गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणण्याची हीच युक्ती असते. मोजायच्या वस्तूतून काहीही काढून न घेता तिचे माप घ्यायचे. इतक्या नाजूक ठिकाणी दुसरी कुठलीही रीत चालली नसती, कारण थेंबभर लसिका बाहेर आली असती तरी मोजायचा दाबच नाहीसा झाला असता.

त्यांना मिळालेले आकडे असे होते. निरोगी माणसांच्या पावलावरील लसिका केशिकांत सरासरी दाब पाऱ्याच्या ७.९ मिलिमीटर इतका होता. माझ्यासारख्या प्राथमिक लिम्फेडिमा असलेल्यांत तो १५.० मिलिमीटर होता. जवळजवळ दुप्पट. सरासरीभोवतीचा विस्तार निरोगींत ३.४ आणि रुग्णांत ५.१ होता, म्हणजे काही रुग्णांचा दाब काही निरोगी माणसांइतकाच असणार. एका माणसाचे माप पाहून निदान करता येईल असा हा आकडा नव्हे, आणि रोजच्या उपचारात तो कोणी मोजतही नाही. माझा स्वतःचा दाब किती हे मला कधीच कळणार नाही.

तरीही मी वही उघडून हिशेब केला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असतो. ७.९ मिलिमीटर पारा म्हणजे पावणेअकरा सेंटिमीटर पाणी, आणि १५ मिलिमीटर म्हणजे साधारण साडेवीस सेंटिमीटर. मी टेबलावर हात पसरला. माझी वीत जवळजवळ तेवढीच भरली. निरोगी पायात अर्धी वीत पाणी, माझ्यासारख्या पायात वीतभर. एकवीस वर्षे ज्याने मला लांब साड्या नेसायला लावल्या, त्याचे माप पितळी तांब्यातल्या पाण्याएवढे होते. रक्तदाबाच्या १२०-८० च्या तुलनेत हे आकडे नगण्य वाटतात, पण कोणता दाब किती मोठा हे तो कशाच्या विरुद्ध उभा आहे त्यावर ठरते. निरोगी त्वचेखालच्या ऊतीतला दाब वातावरणाच्या दाबाच्या आसपास किंवा किंचित कमीच असतो; तिथे अर्ध्या वितीचा फरकही सगळा कारभार चालवायला पुरतो, आणि तिथेच अर्धी वीत जास्त झाली की कारभार ठप्प होतो.

याच्यापुढचा हिशेब मला आणखी महत्त्वाचा वाटला. माणूस स्थिर उभा असताना पावलातल्या नीलेमध्ये सुमारे ९० मिलिमीटर दाब असतो. तो कुठून येतो? हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्तस्तंभाच्या वजनातून. ९० मिलिमीटर पारा म्हणजे सुमारे सव्वा मीटर पाणी, आणि मी टेप लावून पाहिले तर माझ्या छातीपासून तळपायापर्यंतचे अंतर जवळपास तेवढेच भरले. लसिकेच्या वाहिन्याही तेवढीच उंची चढतात. मग निरोगी केशिकेत तो स्तंभ का जाणवत नाही? कारण तो अखंड नसतो. झडपा त्याचे तुकडे करतात, आणि खालच्या केशिकेला फक्त आपल्या वरच्या तुकड्याचे ओझे वाहावे लागते. एका उंच जिन्यावर घागरी हातोहात वर पोचवल्या तर कोणाच्याही डोक्यावर सगळ्या घागरी येत नाहीत, तसे हे आहे. जिथे वाहिन्या अपुऱ्या असतात किंवा रुंदावून झडपा मिटेनाशा होतात, तिथे तुकडे जोडले जातात आणि ओझे खाली उतरते. दिवसभर फळ्याशी उभे राहून शिकवल्यावर संध्याकाळी माझा पाय का जड होतो, याचे उत्तर मला वयाच्या चाळिसाव्या वर्षी, माझ्याच विषयाच्या पहिल्या धड्यात मिळाले.

पण एक शंका राहिली, आणि तिच्यामुळे मी बँडेजला जवळजवळ नकार देणार होते. आत आधीच दाब दुप्पट झालेला आहे. मग वरून आणखी ४०-५० मिलिमीटर कशासाठी लादायचे? फुगलेल्या नाल्यावर आणखी पाणी का ओतायचे?

या प्रश्नाचे उत्तर मला तुकड्यातुकड्यांनी मिळाले. पहिला भाग डॉक्टरांनी सांगितला: बाहेरून दाब दिल्याने ऊतीतला दाब वाढतो, त्यामुळे रक्ताच्या केशवाहिनीतून बाहेर झिरपणाऱ्या पाण्याचे प्रमाण घटते. म्हणजे नाल्यात येणारे पाणीच कमी होते. दुसरा भाग लंडनमधल्या एका अभ्यासातून आला. २००७ साली तिथल्या संशोधकांनी दंडाला पट्टा बांधून, हळूहळू सैल करत, कोणत्या दाबाला लसिका पट्ट्याखालून पुढे जाऊ लागते हे पाहिले. निरोगी हातांच्या वाहिन्या सरासरी ३९ मिलिमीटरच्या अडथळ्याविरुद्ध लसिका पुढे ढकलू शकत होत्या; स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर सुजलेल्या हातांत हे बळ २४ मिलिमीटरवर आले होते. तो रोग माझा नव्हे आणि ते मोजमाप हातांचे आहे, तरी मला त्यातून एक गोष्ट उमगली. खाली केशिकांत दाब वाढलेला असतो आणि वर पंप थकलेला असतो, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. थकलेल्या पंपाला मदत हवी.

ती मदत कशी होते, हे मात्र फिजिओथेरपिस्ट डॉक्टरांनी बँडेज बांधताना दाखवले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला मोकळ्या आणि हाताने फार नेटक्या. त्यांनी एक साधे क्रेप बँडेज आणि एक कमी ताणणारे सुती बँडेज माझ्या हातात दिले. पहिले रबरासारखे दुप्पट लांब झाले, दुसरे थोडेसेच. ‘मॅडम, ताणणारे बँडेज चोवीस तास सारखंच दाबत राहतं. हे कडक बँडेज तुम्ही झोपलात की फारसं दाबत नाही. पण चाललात की पोटरी फुगते, बँडेज मागे सरत नाही, आणि दाब एकदम वाढतो. पाऊल उचललं की पुन्हा कमी. तुमच्या पोटरीलाच आपण पंप करायला लावतोय.’ माझी शंका तिथे मिटली. मला वाटत होते की उपचार दाबाचा आहे. तो दाबातल्या चढउताराचा होता. स्थिर दाबाने झडपांमधली लसिका हलत नाही, बदलत्या दाबाने ती एका झडपेतून पुढच्या झडपेत जाते, आणि झडपा तिला परत येऊ देत नाहीत.

उपचार २०२२ च्या जानेवारीत सुरू झाले. रोज सकाळी साडेसातला पोचायचे, आदल्या दिवशीचे बँडेज सोडायचे, पाय धुऊन बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, भेगा आहेत का पाहायचे, मलम लावायचे. मग पाऊण तास मर्दन. हे मर्दन आपल्या ओळखीच्या मालिशसारखे नसते. तेल नाही, जोर नाही, त्वचा फक्त हळुवार सरकवायची. आणि सुरुवात पायापासून होत नाही. आधी मान, मग पोट, मग उजवी जांघ, मग डावी बगल, आणि सर्वांत शेवटी पाऊल. पहिल्या दिवशी मला हे विचित्र वाटले, दुसऱ्या दिवशी पटले. दर पावसाळ्यात आमच्याकडे अलमट्टीच्या विसर्गाची चर्चा होते; खालचे धरण आधी मोकळे व्हावे म्हणजे वरच्या पाण्याला जागा मिळेल, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. या मर्दनाची पद्धत एमिल व्होडर नावाच्या डेन्मार्कच्या गृहस्थांनी १९३६ मध्ये पॅरिसमध्ये मांडली होती.

मग बँडेज, आणि त्याला चाळीस मिनिटे लागत. आधी सुती जाळीचा मोजा, मग प्रत्येक बोटाला स्वतंत्र पट्टी, मग कापसाचा आणि स्पंजचा थर, मग एकावर एक कमी ताणाची बँडेजे, पावलापासून जांघेपर्यंत. घोट्याच्या हाडांभोवती त्या फार काळजीने स्पंज भरत. कारण विचारले तेव्हा मला लाप्लासचा नियम पुन्हा भेटला. ताण तोच ठेवला तर वक्रता जितकी तीव्र, म्हणजे त्रिज्या जितकी लहान, तितका दाब जास्त. घोट्याच्या टोकदार हाडावर तोच ताण कातडी कापू शकतो आणि हाडाच्या मागच्या खळगीत मात्र काहीच दाब पोचत नाही. स्पंज भरून घोटा गोल करायचा, म्हणजे दाब सारखा वाटला जातो. याच नियमामुळे बँडेज सारख्या ताणाने बांधले तरी दाब घोट्याशी जास्त आणि जाड पोटरीशी कमी पडतो, आणि आपल्याला हवा असतो तोही तसाच. पाण्याच्या थेंबाच्या उदाहरणाने हा नियम मी दर वर्षी शिकवते. आता घोट्याचे उदाहरणही देते.

पहिले चार दिवस कठीण गेले. बँडेज तेवीस तास अंगावर, पाय खांबासारखा, साडीखाली पतींची मोठी चप्पल, रात्री कूस बदलताना जाग येणे. चौथ्या रात्री बोटे बधिर वाटली म्हणून मी वरचा थर सोडला. तसेच करायला त्यांनी सांगितले होते: बोटे निळी पडली, बधिर झाली किंवा दुखू लागली तर वाट न पाहता सोडायचे. पाचव्या दिवसापासून मी संध्याकाळी रंकाळ्यावर चालायला जाऊ लागले, कारण चालल्याशिवाय त्या बँडेजला अर्थच नव्हता. लोक पाहत. एका आजींनी विचारले, ‘काय वो बाई, पडलासा काय?’ मी थांबून त्यांना सगळे सांगितले, लसिका म्हणजे काय तेही. आयुष्यात पहिल्यांदाच मी या पायाविषयी अनोळखी माणसाशी बोलत होते. त्या कट्ट्यावर बसून ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, की त्यांच्या सुनेचा हात ऑपरेशननंतर असाच सुजतो आणि घरात सगळे तिला कामचुकार म्हणतात. मी त्यांना थेरपिस्ट डॉक्टरांचा दवाखाना कुठे आहे ते सांगितले.

मोजमाप दर सोमवारी होई. टाचेपासून वर दर चार सेंटिमीटरला परीघ घ्यायचा आणि प्रत्येक तुकडा शंकूछेद समजून घनफळ काढायचे: दोन परिघांचे वर्ग आणि त्यांचा गुणाकार यांची बेरीज, गुणिले उंची, भागिले १२π. हे गणित मी स्वतःकडे घेतले. सुरुवातीला डावा पाय उजव्यापेक्षा २,३१० मिलिलिटरने मोठा होता. पहिल्याच आठवड्यात त्यातले ७४० मिलिलिटर गेले. त्या दिवसांत रात्री वारंवार लघवीला उठावे लागे, आणि दोन वर्षे घेतलेल्या गोळ्यांची आठवण येई. दुसऱ्या आठवड्यात वेग मंदावला. अठराव्या दिवशी फरक १,०८० मिलिलिटरवर येऊन थांबला. जे उरले त्यात आता पाणी थोडे आणि वर्षानुवर्षांत घट्ट झालेली ऊती जास्त आहे, ती बँडेजने जाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उपचार वीस वर्षांपूर्वी मिळाले असते तर, हा विचार मी तेव्हा केला आणि आताही करते.

त्यानंतर मोजा आला, तिसऱ्या श्रेणीचा, घोट्याशी ३४ ते ४६ मिलिमीटर दाब देणारा, माझ्या मापाने जाड विणीचा. तो चढवायला रबरी हातमोजे लागतात आणि एप्रिल-मेमध्ये तो नकोसा होतो. सहा महिन्यांत त्याचा ताण सैल पडतो आणि नवा घ्यावा लागतो. खर्च थोडा नाही. वर्गात आता मी खुर्ची ठेवते, आणि फळ्यावर लिहिताना टाचा उचलून पोटरी हलवत राहते. मुलांना कारण सांगून टाकले आहे. कोल्हापुरी पायताण मात्र सुटले, कारण अंगठ्याचे पायताण मोज्यावर घालता येत नाही. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याची आमच्या घरची पद्धत मी सोडली, सासूबाईंना कारण समजावून सांगितले, आणि अंबाबाईच्या देवळात आता मी मोज्यावर जाड सुती मोजा चढवून जाते. एक काटा, एक भेग, आणि पुन्हा सेल्युलायटिस. प्रत्येक झटक्यात उरल्यासुरल्या वाहिन्यांतल्या आणखी काही बंद पडतात. सासूबाई म्हणाल्या, ‘देवीला पाय नीट असलेला बरा वाटंल.’

गेल्या मोजमापात फरक १,०२० मिलिलिटर होता. पावसाळा लागला की मी बेचक्यांत रोज रात्री बुरशीनाशक पावडर लावते आणि चिखल्या होऊ देत नाही. माळ्यावर एक पिशवी तयार असते: दोन बँडेजे, एक जादा मोजा, गमबूट, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रतिजैविकांचा एक पुडा, ताप आणि लाली दिसताच सुरू करण्यासाठी. बंधाऱ्यावरचे पाणी ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीला पोचल्याचे कळले की ती पिशवी मी खाली काढून दाराशी ठेवते, आणि धोका पातळीची वाट न पाहता आम्ही घर सोडतो.